टाळी वाजवणारे हात

शाळेत पाहुणे येतात, भाषण होते, आणि ते खाली बसता बसता कोणी तरी खूण करते, "वाजवा टाळ्या!" मुले वाजवतात. सांगून वाजवलेली ही टाळी काही आजची नाही. रोमचा बादशहा नीरो गाऊ लागला म्हणजे टाळ्यांसाठी पाच हजारांहून अधिक तरुण नेमलेले असत, असे सुएटोनियस लिहितो. मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखी एक टाळी, कौलांची एक, विटांची एक! त्यांच्या म्होरक्यांना पैसेही मिळत.

आपल्याकडे 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी डॉक्टर-परिचारिकांसाठी देशभर टाळ्या वाजल्या. मनापासून वाजल्या, यात शंका नाही. पण त्याच दिवसांत काही ठिकाणी परिचारिकांना भाड्याची घरे सोडायला सांगितली गेली, हेही विसरता येत नाही. वाहवाची टाळी स्वस्त पडते ती अशी.

टाळीचे दुसरे घराणे मात्र याहून निराळे, आणि फार जुने. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात नाना धंद्यांच्या माणसांची यादी आहे. तीत वीणा वाजवणाऱ्याच्या शेजारीच 'पाणिघ्न' येतो, म्हणजे हातांनी ताल देणारा. पाणिनीनेही 'पाणिघ' हा शब्द कारागीर या अर्थी साधून दिला आहे. टाळी वाजवणे ही कारागिरी होती, बरे का!

आमच्या जयसिंगपूरजवळ, शिरोळ तालुक्यातच, कुरुंदवाड आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली तिथे जन्मले. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने डोळे अधू झाले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, आणि 1901 मध्ये थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर गाणे हवे तर गुरूच्या घरी राहावे, त्याची मर्जी सांभाळावी. आता ते वर्गात बसून शिकता येऊ लागले.

'रघुपती राघव'ची आपल्या ओळखीची चाल त्यांचीच मानतात. गांधीजींच्या प्रार्थनासभेत ही धून सुरू झाली की जमलेले लोक हातांनी ताल धरीत. पेटी नको, तबला नको. गळा बेसूर असला तरी चालेल. ऐकायला आलेला माणूस गाण्यात शिरे. झिम्म्यात तर टाळी समोरचीच्याच हातावर पडते. एकीची चुकली की दोघींची चुकते. असे असून 'एका हाताने टाळी वाजत नाही' हे आपल्याला आठवते ते फक्त भांडणात!

शिक्षकमित्रहो, वर्गात एकदा त्रिताल घेऊन पाहा. मात्रा 16. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यायची. नवव्या मात्रेवर आवाज न करता हात नुसता उलटा करायचा, ती 'खाली'. भरताच्या नाट्यशास्त्रातही हाताच्या क्रिया सशब्द आणि निःशब्द अशा दोन्ही सांगितल्या आहेत. पहिल्या दिवशी नवव्या मात्रेवर निम्मा वर्ग टाळी वाजवील. हसू द्या त्यांना, आणि पुन्हा पहिल्या मात्रेपासून धरा.