दोउरू खोरे

उत्तर पोर्तुगालमधील, ‘पोर्ट’ या गोड व कडक वाइनचा प्रदेश. दोउरू नदी स्पेनमध्ये दुएरो नावाने उगम पावते आणि सुमारे 900 किमी. वाहत पोर्तो शहरापाशी अटलांटिकला मिळते. वाइनला नाव मिळाले ते या शहराचे. द्राक्षबागा मात्र बऱ्याच आत, मराँव डोंगररांगेच्या पलीकडे आहेत. ही रांग समुद्रावरून येणारा पाऊस अडवते. सह्याद्रीमागच्या देशासारखाच हा पर्जन्यछायेचा मुलूख, उन्हाळ्यात कोरडा आणि रणरणता.

उतारांवर मुळात माती फारशी नव्हतीच. शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक फोडून ती तयार केली गेली आणि निघालेल्या दगडांच्याच, चुना न लावता रचलेल्या ताली घालून डोंगरांना टप्पे पाडले. खडकाचे थर बरेचसे उभे असल्याने वेलींची मुळे फटींतून खोल ओलाव्यापर्यंत उतरतात. युनेस्कोने 2001 मध्ये वारसास्थळ ठरवला तो हाच, माणसाने घडवलेला भूप्रदेश. इंग्लंडमध्ये पोर्टची मागणी वाढली तशी भेसळही बोकाळली. तेव्हा 1756 मध्ये मार्केस द पोंबाल या मंत्र्याच्या पुढाकाराने प्रदेशाची हद्द ठरवण्यात आली आणि पुढे तिच्यावर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. वाइनसाठी कायद्याने सीमा ठरलेल्या जगातील अगदी सुरुवातीच्या प्रदेशांपैकी हा एक.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड आली. अमेरिकी खुंटावर कलम हा त्यावरचा उपाय ठरला. (नाशिक-सांगलीकडचे बागायतदारही डॉगरिज या अमेरिकी खुंटावर कलम करतात, तिथे कारण क्षार आणि पाणीटंचाईचे.) पुन्हा लागवड न झालेले टप्पे झुडपांनी भरून आजही दिसतात. जाणाऱ्याने ते जरूर ओळखून पाहावेत. मागे काय गेले ते चकचकीत बागांपेक्षा तिथे जास्त कळते.

तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. काही वाड्यांवर द्राक्षे अजून ग्रॅनाइटच्या उथळ हौदात पायांनी तुडवतात : माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेने, मांडीपर्यंत रसात, मोजक्या तालावर पावले टाकतात. तळव्याखाली साल फुटते पण बी फुटत नाही, म्हणून कडवटपणा उतरत नाही. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाची दारू (सुमारे 77 टक्के मद्यार्क) ओततात. यीस्ट मरते, साखर शिल्लक राहते; पोर्टचा गोडवा तो हाच. गोव्यात पोर्ट वाइन म्हणून मिळणारी स्वस्त गोड लाल वाइन या खोऱ्यातली नसते, नाव तेवढे पोर्तुगीज काळाची आठवण.

पूर्वी पिंपे ‘रबेलो’ या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली, पोर्तोसमोरच्या विला नोव्हा द गाया येथील कोठारांत जात. ब्रिटिश व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर याने या नदीचे तपशीलवार नकाशे काढले आणि 1861 मध्ये तिच्याच वालेइरा येथील खळाळत्या प्रवाहात तो बुडाला. कमरेला बांधलेल्या नाण्यांच्या वजनाने तो तळाशी गेला, अशी दंतकथा आहे. आता धरणांमुळे पाणी संथ झाले असून पर्यटकांच्या बोटी जलपाशांतून (लॉक) चढतात. काराप्पातेलू येथील जलपाश बोट 35 मी. उचलतो.

बहुतेक प्रवासी गायाच्या कोठारात चार घोट चाखून परततात. त्यापेक्षा पोर्तोहून रेल्वेने वर जावे. रूळ नदीला इतके बिलगून जातात की खिडकीखाली थेट पाणीच दिसते. रेग्वा येथे दोउरू संग्रहालय आहे. पिन्याँव स्थानकाच्या भिंतींवर निळ्या फरशांत तोडणीची चित्रे आहेत. बाजूला लामेगू येथे देवळापर्यंत 686 पायऱ्यांचा बरोक जिना, तर विला रेआलजवळ मातेउशचा वाडा. त्याचे चित्र एका प्रसिद्ध गुलाबी वाइनच्या बाटलीवर असते, ती वाइन मात्र वाड्याची नाही.

लोहमार्ग पोसिन्यू येथे संपतो. पुढचा स्पेनच्या सीमेकडचा फाटा 1988 पासून बंद आहे. तिथून जवळच कोआ नदीचा संगम. कोआवर बांधायचे धरण 1995 मध्ये थांबवले गेले, कारण काठच्या शिस्टवर हजारो कोरीव चित्रे सापडली होती. काही वीस हजारांहून अधिक वर्षे जुनी आहेत : घोडे, रानबैल, रानबोकड. हालचाल दाखवण्यासाठी काही प्राण्यांना दोन-तीन डोकी कोरलेली आहेत.