देवगिरी : किल्ल्याआधी शहर पाहा

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) वेरूळच्या लेण्यांकडे जाणारे बहुतेक पर्यटक वाटेत दौलताबादला थांबतात. तासा-दीड तासात डोंगर चढायचा, तोफेजवळ छायाचित्र काढायचे आणि पुढे निघायचे, असा सर्वसाधारण क्रम. मात्र आपण केवळ एका किल्ल्याला नव्हे, तर एकेकाळच्या राजधानीच्या शहराला भेट देत आहोत, याची जाणीव फार थोड्यांना असते. वेरूळकडे जाणारा जुना रस्ता या शहराच्या तटातून, दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीखालून जातो. वाहन तेथे खोळंबले की प्रवासी चिडतात. पण तीच या शहराची वेस आहे. म्हणूनच वेरूळ दुसऱ्या दिवसावर ठेवून एक अख्खा दिवस देवगिरीला द्यावा.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादव राजा पाचवा भिल्लम याने येथे राजधानी वसविली. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा याच गादीवर रामचंद्रदेव राज्य करीत होता. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने अचानक चाल केली. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता. राजाने गडाचा आश्रय घेतला खरा. पण घाईने वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे सांगतात. १३१८ मध्ये यादवांची सत्ता कायमची संपली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. तो प्रयोग फसला, तरी दिल्लीहून आलेले सूफी, कारागीर आणि अंमलदार यांपैकी अनेक जण दख्खनमध्येच राहिले. १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापनाही याच शहरात झाली.

तीन कोटांची रचना

शहर समजून घ्यायचे तर त्याचे कोट ओळखावे लागतात. सर्वांत बाहेरचा अंबरकोट. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावाने तो ओळखला जातो. या कोटाच्या आत सामान्य रयतेची वस्ती होती. त्याच्या आत महाकोट. चार पदरी तटबंदी, ५४ बुरूज आणि सुमारे पाच किलोमीटर लांबी, असा त्याचा विस्तार आहे. तिसरा काळाकोट राजवाड्यांभोवतीचा. उत्खननात महाकोटाच्या परिसरात मुख्य रस्ते, गल्ल्या आणि घरांची जोती उजेडात आली आहेत. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर डोंगराकडे धाव न घेता या जोत्यांमधून थोडे फिरावे. बाजार कोठे भरत असेल, पाणी कोठून येत असेल, याचा अंदाज येऊ लागतो. विस्तीर्ण हत्ती हौद पाहिल्यावर पाण्याचा प्रश्न किती मोठा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हौदाजवळच १३१८ च्या सुमारास बांधलेली मशीद आहे. तिच्यात जुन्या मंदिरांचे कोरीव खांब वापरलेले दिसतात. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली. समोर पंधराव्या शतकातील चाँद मिनार उभा आहे. पुढे चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ मधील पराभवानंतर औरंगजेबाने येथेच कैदेत ठेवले होते. जवळच्या बुरुजावर मेंढ्याच्या मुखाची प्रसिद्ध मेंढा तोफ आहे.

येथून बालेकिल्ला सुरू होतो. डोंगराचा पायथा चहूबाजूंनी सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत उभा तासलेला असून भोवती खंदक आहे. पुलावरून गेले की अंधेरी हा वळणावळणांचा काळोखी भुयारी मार्ग लागतो. पुढे गणेश मंदिर, शाहजहानच्या काळातील बारादरी आणि शिखरावरील तोफ. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार होते, त्यांचे स्थानही वर आहे.

अजिंक्य, तरीही पडलेला

बारादरीतून खाली पाहिले की कोटांची वलये स्पष्ट दिसतात आणि एक प्रश्न मनात येतो. इतके सारे असूनही हा गड पडला कसा? १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. आत उपासमार झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला स्वाधीन केला. बालेकिल्ल्याचा कडा कोणी चढून गेले नाही. १२९६ मध्ये आणि १६३३ मध्येही कमी पडले ते अन्न. खालचे शहर हातचे गेले की वरचा अभेद्य कडाही निरुपयोगी ठरतो, हाच या गडाचा धडा आहे. तो केवळ शिखर गाठून परतणाऱ्याला उमगत नाही.

आज अंबरकोटाच्या आत शेते आणि गावची वस्ती आहे. तटाचे दगड जागोजागी ढासळले आहेत. भिंतींवर नावे कोरण्याची हौसही अद्याप ओसरलेली नाही. आपण तरी त्यात भर घालू नये.

कसे जाल?

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद सुमारे १५ किलोमीटरवर आहे. वेरूळ-खुलताबाद मार्गावरील एसटी बस किंवा रिक्षाने जाता येते. पावसाळ्याच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. सुमारे साडेसातशे पायऱ्या असल्याने सकाळी लवकर चढाई करावी आणि खालचे शहर उन्हे उतरल्यावर पाहावे. पाणी, विजेरी आणि चांगले बूट जवळ असावेत. अंधेरीत वटवाघळे असतात आणि पायऱ्या उंचसखल आहेत. लहान मुले व वृद्धांना सांभाळून न्यावे. माकडांपासून खाद्यपदार्थ जपावेत. परतताना वेळ उरलाच, तर खुलताबादच्या वाटेवर हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा गाव जरूर पाहावे.