थर्मामीटर कोठे टांगावा?



या उकाड्याच्या दिवसांत घरे ऊबदार ठेवणाऱ्या यंत्राबद्दल बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काही मंडळींना हसू आले असेल. परंतु विषयाचे मूळ तुमच्या गावाला परके नाही. तुमच्या रहिमतपुरात मशिदीजवळ जुनी हत्तीमोट उभी आहे. आदिलशाहीच्या काळात हत्तीच्या बळावर पाणी वर चढवावयाचे आणि तेथून कारंज्याला सोडावयाचे, अशी ती योजना होती. पाणी वर चढविण्यास बळ लागते. ते सर्वांना सारखे पोचविण्यास मात्र नुसते बळ पुरत नाही. ज्याने उसाची दारे धरली आहेत, त्याला हे सांगावयास नको. पाटाच्या तोंडाचे वाफे डबडबतात आणि टोकाचा वाफा कोरडा राहतो. पाण्याचे जे आहे तेच वाऱ्याचेही आहे.

आमची थोरली बहीण काही वर्षांमागे हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, राहावयास गेली होती. तिकडे पुष्कळ घरांच्या तळघरात एक भट्टी असते. तिच्यावर तापलेली हवा पंखा ढकलतो आणि पत्र्याच्या नळांतून ती खोल्याखोल्यांत जाळीवाटे सोडली जाते. थंड झालेली हवा दुसऱ्या नळाने भट्टीकडे परत येते. बैठकीबाहेरच्या भिंतीवर एक डबी असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तेथली हवा ठरलेल्या अंशावर आली की डबी भट्टी बंद करते. बहिणीची खोली वरच्या मजल्यावर, नळाच्या अगदी टोकाला होती. तिच्या दोन भिंती उघड्यावर आणि खाली मोटारीची थंड खोली. ती दोन शाली पांघरून निजे. मुलगा रोज डबीवरचा आकडा बघून म्हणे, "सत्तर अंश आहे, ठीक आहे." आणि पाहुण्याने यजमानाच्या घरातली थंडी मोजू नये, या आपल्या रीतीने ती गप्प बसे. फारेनहाइटचे सत्तर म्हणजे आपले एकवीस. आकडा खोटा नव्हता. पण तो बैठकीबाहेरचा होता.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांच्या काळी शाळेचा शिपाई प्रत्येक वर्गात डोकावून थर्मामीटर पाही आणि मग तळघरात जाऊन नळांची दारे कमीजास्त करी. तो येईतो मुले कुडकुडत तरी असत किंवा घामाघूम तरी होत. जॉन्सन यांनी वर्गातूनच तळघरात विजेची घंटी वाजविणारे साधन केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये प्रत्येक खोलीची ऊब स्वतंत्र राखणाऱ्या योजनेचे पेटंटही त्यांनी मिळविले. त्यांच्या कामाचे मर्म असे की, निर्णय तळघरात न होता जेथे माणसे बसली आहेत तेथे व्हावा.

बहिणीच्या मुलाचे घर ज्या राज्यात आहे, त्याच न्यू जर्सीत मॉरिसटाउन गावी ॲलिस पार्कर ही कृष्णवर्णीय महिला राहत असे. तिने २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसवरील भट्टीचे पेटंट घेतले. तिची कल्पना अशी की, एकाच भट्टीत अनेक शेगड्या असाव्यात, प्रत्येकीचा नळ वेगळ्या खोलीकडे जावा आणि प्रत्येक शेगडी वेगळी आवरता यावी. शंभर वर्षे उलटली, तरी एक डबी आणि सगळे घर हाच प्रकार असंख्य घरांत चालू आहे. कारण उघड आहे: एक डबी स्वस्त पडते.

आता तिकडून आपण आपल्या गिरण्यांत येऊ. कारण सातारा-सांगलीच्या माणसाची नळातल्या हवेशी पहिली ओळख घरात झाली नाही, गिरणीत झाली. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची कंपनी काढली, आणि पुढे आपल्या भागातील घरटी एक माणूस तिकडे गेला असे म्हणण्याइतकी ये-जा झाली. आमचे वडीलही साचेखात्यात होते; १९८२ च्या संपाने ते गावी परतले. सूत कोरड्या हवेत तुटते, म्हणून खात्यात ओलावा ठेवावा लागतो. नागपूरची हवा तर फारच कोरडी. तेथे १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवा दमट करणारी यंत्रे बसविली. सुताला त्याने सुख झाले. माणसाचा घाम मात्र दमट हवेत वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. म्हणून गिरणीत दोन थर्मामीटर शेजारी टांगतात, एकाच्या टोकाला ओले फडके असते. हा ओला थर्मामीटर जितका वर चढेल, तितके माणसाचे हाल जास्त.

विलायतेत लँकेशायरच्या विणकरांनी याच प्रश्नावर झगडा केला, आणि १८८९ मध्ये पार्लमेंटने कापड कारखान्यांचा कायदा केला. त्यातील एक तरतूद वाचून आम्ही थक्क झालो. कृत्रिम ओलावा असलेल्या कारखान्यात थर्मामीटरचे दोन जोड असावेत: एक मध्यभागी आणि एक कडेला! कडेच्या माणसाची हवा वेगळी असते, हे त्या कायद्याने मान्य केले. आपल्याकडे १९२३ मध्ये टी. मॅलोनी यांचा भारतीय सूतगिरण्यांतील आर्द्रतेवरचा अहवाल निघाला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १३ व्या कलमाने खेळती हवा आणि माणसाला सोसेल अशी उष्णता बंधनकारक केली, तर १५ व्या कलमाने कृत्रिम ओलाव्यावर नियम घातले. तो अधिनियम आता २०२० च्या संहितेत विलीन झाला आहे. कायद्याची नावे बदलतात. टांगण्याचा खिळा कोठे ठोकावयाचा हा प्रश्न तसाच राहतो.

तो आम्हांला कसा कळला, हे सांगावयास थोडी लाज वाटते. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातील एका सूतगिरणीत उष्म्याच्या तक्रारी होत्या. व्यवस्थापनाने आम्हांला खात्याच्या मधोमध टांगलेला थर्मामीटर दाखविला. आकडा नियमात होता. आम्ही युनियनचे जबाबदार प्रतिनिधी. नोंदवहीवर सही केली. दोन उन्हाळे अशाच सह्या केल्या. तिसऱ्या वैशाखात टोकाच्या भिंतीकडील साइडवर काम करणारी एक बाई घेरी येऊन पडली. डोक्याला खोक पडली. सुदैवाने जिवावरचे निभावले. शुद्धीवर आल्यावर ती आम्हांला म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा तरी भिंतीपाशी येऊन उभं राहायचं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे उभे राहिलो, हातात ओल्या फडक्याचा थर्मामीटर घेऊन. मध्यभागापेक्षा तो तीन अंश वर होता. मग छताचा नळ उघडविला. टोकाच्या फटी कापसाच्या तुसाने बुजल्या होत्या आणि हवा परत नेणाऱ्या जाळीपुढे कोणी पेट्या रचल्या होत्या. आलेली हवा बाहेर पडावयास वाट नाही, म्हणून नवी हवा आत शिरत नव्हती. तूस काढले, पेट्या हलविल्या, जवळच्या फटींची दारे थोडी लोटली. नवे यंत्र घ्यावे लागले नाही. मात्र मधल्या भागातील कामगार आमच्याकडे आले, "आमचा वारा का कमी केला?" म्हणून. आपल्याच माणसांची समजूत घालण्यास मालकापेक्षा जास्त दिवस लागले.

हा सगळा प्रकार आम्ही भाच्याला फोनवर सांगितला, तेव्हा त्याने पहिल्यांदा प्रत्येक खोलीत एकेक थर्मामीटर ठेवला. आईच्या खोलीत नऊ अंश कमी निघाले. शोध घेता वाटेत नळाचा एक सांधा निखळलेला सापडला. ऊब मोटारीच्या खोलीच्या छतात जिरत होती. सांधा बुजविला. तळघराजवळच्या खोल्यांची दारे थोडी लोटली. पुरती नव्हे, कारण पुष्कळ दारे अगदी बंद केली तर नळात दाब वाढून दुसरीकडे गळती होते. आईच्या दाराखाली हवा परतण्यास फट ठेवली, आणि रात्रीपुरता डबीचा कान आईच्या खोलीत नेला. म्हणजे तेथला आकडा पाहून भट्टी चालावी अशी जोडणी केली. पुढे राहिलेल्या दिवसांत बहिणीची एक शाल सुटली. दुसरी तिने सवयीने ठेवली.

तेव्हापासून कोणत्याही खात्यात गेलो की आम्ही आधी टोकाच्या भिंतीपाशी जातो आणि सही शेवटी करतो. आताही हा कर्णा आमच्या तोंडापुढे आहे, आणि व्यासपीठावरच्या मंडळींना तो स्वच्छ ऐकू येतो आहे. पण शेवटच्या रांगेतल्या मंडळींनी सांगावे: तिकडे ऐकू आले का?