‘राऊ’ : विजेत्या पेशव्याच्या घरातील पराभव

पालघर जिल्ह्यातील तारापूर म्हटले की बोईसरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र डोळ्यांसमोर येते. मात्र चिंचणीजवळच्या तारापूर गावातील जुना किल्ला मराठ्यांच्या वसई मोहिमेची आठवण जपून आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो पोर्तुगीजांकडून जिंकला. या लढाईत थोरल्या बाजीरावांचे जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसईही पडली आणि चिमाजी अप्पांचे नाव दिगंत झाले.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच याच चिमाजी अप्पांनी थोरल्या बंधूंच्या प्रिय मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले. किल्ले जिंकणारे हे दोघे भाऊ घरातील एका प्रश्नापुढे परस्परांसमोर उभे ठाकले. इतिहासातील हा पेच ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा गाभा आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची परंपरा रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, सांगितली जाते. पराक्रम, स्वराज्यनिष्ठा आणि त्याग हे तिचे ठरलेले विषय. प्रेम आले तरी ते प्रायः विवाहाच्या चौकटीतच राहिले. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’तील माधवराव-रमाबाईंचे सहजीवन हे त्याचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण. ‘राऊ’ने ही वाट सोडली. धर्म, जात आणि कुलाचार यांनी नाकारलेले प्रेम तिने कथेच्या केंद्रस्थानी आणले. शीर्षकही बोलके आहे. ‘पेशवा’ वा ‘श्रीमंत’ असा मानाचा शब्द न घेता लेखकाने घरातले, मायेचे नाव निवडले.

इनामदारांचा हा पिंडच होता. ‘झेप’मध्ये त्र्यंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरे बाजीराव आणि ‘शहेनशहा’मध्ये औरंगजेब अशा उपेक्षित वा बदनाम व्यक्तींकडे त्यांनी माणूस म्हणून पाहिले. १९९७ च्या अहमदनगर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कादंबरीची पार्श्वभूमी ऐश्वर्याची आहे. १७३० मध्ये पाया घातलेला आणि १७३२ मध्ये पुरा झालेला शनिवारवाडा १६,११० रुपयांत उभा राहिल्याची नोंद सांगितली जाते. बुंदेलखंडचा राजा छत्रसाल याला बाजीरावांनी १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून सोडविले आणि त्यानंतर मस्तानी त्यांच्या जीवनात आली. वाड्याच्या एका दरवाजाला तिचे नाव मिळाले, पण घरात तिला सून म्हणून स्थान मिळाले नाही. मातोश्री राधाबाई, बंधू चिमाजी आणि पुत्र नानासाहेब या आप्तांचाच विरोध असल्याने तलवार येथे निरुपयोगी ठरते. कादंबरीचे शोकनाट्य यातूनच घडते.

१७४० च्या आरंभी बाजीराव गोदावरीकाठी नासिरजंगाशी लढत होते, तेव्हा मस्तानी पुण्यात कैदेत होती. फेब्रुवारीत मुंगी-पैठणचा तह झाला. २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तिच्या मृत्यूविषयी एकमत नाही. पाबळ येथे तिची कबर दाखविली जाते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चिमाजी अप्पाही निवर्तले. ज्यासाठी भावाभावांत दुरावा आला, त्यातले कोणालाच काही लाभले नाही.

संजय लीला भन्साळी यांच्या डिसेंबर २०१५ मधील ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटाने ही कथा देशभर पोहोचविली. मात्र काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, या दृश्यावर पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता. कादंबरी आणि चित्रपट इतिहासाचा आधार घेतात, पण त्यांतील संवाद व खासगी प्रसंग कल्पनेचे असतात, हे भान वाचकाने राखावयास हवे. मस्तानीचे स्वतःचे म्हणणे इतिहासाने जवळजवळ जपलेलेच नाही. ती पोकळी कादंबरीकार भरून काढतो.

इतिहासाने मात्र आपला निकाल वेगळ्या प्रकारे दिला. घराने ज्याला पुरते सामावून घेतले नाही, तो मस्तानीचा पुत्र समशेर बहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तेथील जखमांनी मृत्यू पावला. पुढे बांद्याचे नबाब म्हणून ओळखले गेलेले घराणे त्याच्याच वंशातले.