न निघालेल्या अल्बमची जुळणी : पिंक फ्लॉइडची सुरुवातीची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे

रॉक संगीताच्या रसिकांमध्ये एक विलक्षण छंद रुजलेला आहे. एखाद्या बँडची अल्बममध्ये कधीच न आलेली गाणी, स्टुडिओत बाजूला पडलेली मुद्रणे, सिंगलच्या मागच्या बाजूला दडलेल्या रचना आणि रेडिओसाठी केलेले वादन एकत्र करायचे, त्यांना क्रम लावायचा आणि 'हा अल्बम निघाला असता, तर असा असता' अशी एक काल्पनिक ध्वनिमुद्रिका सिद्ध करायची. या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीच बॉईज या अमेरिकी बँडचा 'स्माईल'. १९६७ मध्ये अर्धवट सोडून दिलेला हा अल्बम चाहत्यांनी चोरट्या प्रतींच्या आधारे कित्येक वर्षे आपापल्या परीने जुळवून पाहिला. ब्रायन विल्सनने २००४ मध्ये तो नव्याने मुद्रित करून पूर्ण केला आणि २०११ मध्ये मूळ मुद्रणांचा अधिकृत संच निघाला, तेव्हा त्यातील क्रमही २००४ च्या आवृत्तीवरच बेतावा लागला.

ब्रिटिश बँड पिंक फ्लॉइडच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या अल्बममुळे जगभर पोहोचलेल्या या बँडचा पहिला कालखंड सिड बॅरेट या गीतकार-गिटारवादकाचा होता. रॉजर वॉटर्स, रिक राइट आणि निक मेसन हे त्याचे साथीदार. ऑगस्ट १९६७ मध्ये 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. सिंगल म्हणून आलेली गाणी अल्बममध्ये पुन्हा न घालण्याचा तेव्हा ब्रिटनमध्ये प्रघात होता. त्यामुळे 'आर्नोल्ड लेन' आणि 'सी एमिली प्ले' ही गाजलेली गाणी त्यात नाहीत. अमेरिकी आवृत्तीत मात्र 'सी एमिली प्ले' घेतले गेले आणि मूळची तीन गाणी वगळण्यात आली. म्हणजे अधिकृत पहिला अल्बमही दोन देशांत दोन प्रकारचा होता.

पहिली जुळणी : १९६५ ते जानेवारी १९६७

करार होण्यापूर्वीच्या काळात बँडने केलेली सहा मुद्रणे आज उपलब्ध आहेत. तेव्हा बँडमध्ये राडो क्लोज हा पाचवा वादकही होता. 'लूसी लीव्ह', 'डबल ओ बो', 'बटरफ्लाय' यांसारख्या या रचनांवर अमेरिकी ऱ्हिदम अँड ब्लूजची गडद छाया आहे. त्यांपैकी 'आय ॲम अ किंग बी' हे तर स्लिम हार्पो या ब्लूज गायकाचे गाणे. सहाही मुद्रणांची एकत्रित लांबी सुमारे १८ मिनिटे भरते.

ही मुद्रणे नोव्हेंबर २०१५ मध्ये अवघ्या १,०५० प्रतींच्या संचात प्रसिद्ध झाली. या वेळेला कायद्याची पार्श्वभूमी होती. युरोपीय महासंघाने ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षे केली, परंतु ५० वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणांना वाढीव मुदतीचा लाभ मिळत नाही. त्यामुळे साठच्या दशकातील बरीच अप्रकाशित मुद्रणे त्या सुमारास बाहेर आली. बॉब डिलन आणि बीटल्स यांची मुद्रणेही याच काळात अशीच आली.

जानेवारी १९६७ मध्ये पीटर व्हाइटहेड या चित्रपटकारासाठी बँडने लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' वाजवले. हे मुद्रण सुमारे १७ मिनिटांचे आहे. एलपीच्या एका बाजूला १९६५ ची सहा गाणी आणि दुसऱ्या बाजूला हे एकच दीर्घ वादन ठेवले, तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या लांबीच्या होतात. दुसऱ्यांचे ब्लूज गिरवणारी मुले दोनच वर्षांत कुठे पोहोचली, हे तबकडी उलटताक्षणी कानांना कळते. असा अल्बम काढण्याचा विचार कोणी केला नव्हता, तरीही ही जुळणी सहज पटण्यासारखी आहे.

दुसरी जुळणी : 'पायपर'नंतरचे महिने

खरा पेच आहे तो १९६७ च्या उत्तरार्धाचा. पहिला अल्बम यशस्वी झाला, पण त्याच वेळी बॅरेटचे मानसिक स्वास्थ्य ढासळू लागले. एलएसडीचे अतिसेवन हे त्याचे कारण सांगितले जाते, मात्र नेमके निदान कधीच जाहीर झाले नाही. या काळात बँडने 'स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम', 'व्हेजिटेबल मॅन', 'जगबँड ब्लूज' आणि 'इन द बीचवुड्स' ही केवळ वाद्यांची रचना मुद्रित केली. नोव्हेंबरमध्ये 'ॲपल्स अँड ऑरेंजेस' हा सिंगल निघाला. त्याच्या मागच्या बाजूला राइटचे 'पेंट बॉक्स' होते. ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत या सिंगलला स्थान मिळाले नाही. या साऱ्यांत राइटचेच 'रिमेंबर अ डे' मिळवले, तर बेरीज सुमारे साडेसव्वीस मिनिटे होते. 'पायपर' जवळपास ४२ मिनिटांचा आहे. तेव्हा हा दुसरा अल्बम तोकडाच राहतो.

येथे जुळवणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' या साडेपाच मिनिटांच्या वॉटर्सच्या रचनेचे काम १९६७ मध्ये सुरू झाले, पण ती पूर्ण होईपर्यंत १९६८ उजाडले होते आणि डेव्हिड गिल्मोर बँडमध्ये आला होता. ती घेतली, तर कालमर्यादा मोडते. दुसरी वाट म्हणजे २० ऑक्टोबर १९६७ रोजी जॉन लॅथम या चित्रकाराच्या चित्रपटासाठी केलेल्या उत्स्फूर्त वादनातील एखादा खंड घेणे. या वादनाच्या नऊ आवृत्त्या असून एकूण लांबी सुमारे अर्धा तास आहे. ही वाट काटेकोर, पण ऐकायला कठीण.

कोणती आवृत्ती घ्यावी?

'व्हेजिटेबल मॅन' आणि 'स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम' यांची स्टुडिओतील मुद्रणे अधिकृतपणे बाहेर आली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, 'द अर्ली इयर्स' या विस्तृत संचात. तोवर ती निकृष्ट प्रतीच्या चोरट्या ध्वनिमुद्रिकांतून फिरत होती. मात्र डिसेंबर १९६७ मध्ये बँडने ही दोन्ही गाणी बीबीसीच्या 'टॉप गिअर' या रेडिओ कार्यक्रमासाठी वाजवली होती. म्हणजे जी गाणी पुढे जवळपास अर्धशतक बंदिस्त राहिली, ती तत्कालीन श्रोत्यांनी घरबसल्या ऐकली होती.

अधिकृत संचातील आवृत्त्या २०१० मध्ये केलेल्या नव्या मिश्रणाच्या आहेत. त्या स्वच्छ आणि उठावदार आहेत, परंतु १९६७ च्या कोणत्याही श्रोत्याने त्या तशा ऐकल्या नसत्या. शिवाय तेव्हा मोनो मिश्रणाला प्राधान्य असे. काल्पनिक अल्बम 'त्या काळचा' म्हणून मांडायचा असेल, तर ही तफावत लपवून चालत नाही.

क्रमातून घडणारे चरित्र

या छंदातील सर्वांत मोठी जबाबदारी मात्र क्रमाची आहे. 'जगबँड ब्लूज' हे गाणे जून १९६८ मध्ये निघालेल्या 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' या अल्बमच्या अखेरीस आहे. बॅरेटने लिहिलेले त्यातील हे एकमेव गाणे. तो अल्बम बाजारात आला, तेव्हा बॅरेट बँडबाहेर पडून जवळजवळ तीन महिने झाले होते. साहजिकच हे गाणे त्याचा निरोप म्हणून ऐकले गेले आणि आजही तसेच ऐकले जाते. वस्तुतः ते मुद्रित झाले ऑक्टोबर १९६७ मध्ये. तेव्हा बॅरेट बँडमध्ये होता, सॅल्व्हेशन आर्मीचे वादक स्टुडिओत बोलावले गेले होते आणि पुढे काय होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हेच गाणे काल्पनिक अल्बमच्या आरंभी ठेवले, तर त्यातला निरोप पुष्कळ ओसरतो आणि एका तरुण गीतकाराचा धाडसी प्रयोग ऐकू येऊ लागतो.

'व्हेजिटेबल मॅन'च्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. बँडचा तत्कालीन व्यवस्थापक पीटर जेनर याने सांगितल्यानुसार, बॅरेटने हे गाणे जेनरच्या घरी बसून, त्या वेळी अंगावर असलेल्या कपड्यांचे वर्णन करत लिहिले. ते अल्बमच्या शेवटी ठेवणे म्हणजे एका माणसाच्या कोसळण्याचा देखावा उभा करणे होय. पहिल्या बाजूच्या मध्यावर, 'रिमेंबर अ डे' आणि 'पेंट बॉक्स' यांच्यामध्ये ते ठेवले, तर त्यातला कडवट विनोद आणि गिटारचा जोरकसपणाही लक्षात येतो. दोन्ही क्रमांत मुद्रण तेच असते. बदलते ते श्रोत्याच्या मनातील बॅरेट.

बॅरेटने या मांडणीवर कधी मत दिले नाही. संगीतापासून दूर, केंब्रिजमध्ये राहून जुलै २००६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी त्याचे निधन झाले. ही दोन गाणी अधिकृतपणे निघाली ती त्यानंतर दहा वर्षांनी. २०१८ पासून निक मेसनने आपल्या नव्या वाद्यवृंदासह 'व्हेजिटेबल मॅन' रंगमंचावर सादर केले, तेव्हा अर्धशतकापूर्वी टाकून दिलेले हे गाणे पुन्हा केवळ गाणे म्हणून ऐकता आले.

म्हणूनच अशा जुळणीसोबत एक साधी टीप असावी : कोणते मुद्रण केव्हाचे, मिश्रण कोणत्या वर्षीचे आणि क्रम कोणी लावला. तेवढ्याने ऐकण्याचा आनंद कमी होत नाही. बॅरेटने काय मागे ठेवले आणि जुळवणाऱ्याने त्यात काय मिळवले, हे मात्र वेगवेगळे राहते.