संदर्भवाद (मुक्त ज्ञानकोशातील)

मुक्त ज्ञानकोशातील एखादे विधान कशाच्या आधारावर केले आहे, यावरून संपादकांत होणारा वाद. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर निराधार वाटणाऱ्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा लावतात. मग लेखाच्या चर्चापानावर खल होतो, आणि तिथे मिटले नाही तर प्रकरण चावडीवर, म्हणजे सर्व संपादकांच्या सामाईक चर्चापानावर, जाते. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला जाब देणारा एक संपादक होता. मुक्त कोशात तसा धनी नसतो. म्हणून प्रकाशित संदर्भ मागणे रास्तच आहे.

या वादाचे खरे स्वरूप लहान गावांच्या नोंदींत कळते. नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीकाठचे खापा घ्या. विदर्भात या नावाची गावे अनेक आहेत. जनगणनेचा आकडा उचलताना तालुका पाहिला नाही, तर दुसऱ्याच खाप्याची लोकसंख्या लेखात येते, तीही अधिकृत संदर्भासह. तहसिलीचेही तसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर जिल्ह्यात नागपूर, उमरेड, काटोल आणि रामटेक अशा चारच तहसिली होत्या. तेव्हाच्या गॅझेटियरमध्ये खापा सावनेर तहसिलीत सापडणारच नाही. जुने गॅझेटियर आणि आजची जनगणना, दोन्ही आपापल्या काळापुरती बरोबर. विधानासोबत साल दिले की भांडण उरत नाही.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. जवळच्या गुमगाव मँगनीज खाणीची माहिती ‘मॉइल’ या खाण कंपनीच्या अहवालांत छापील मिळते. कंपनीने स्वतःविषयी लिहिलेले कितपत धरायचे, एवढाच तिथे मतभेद. पण खाप्याची जुनी ओळख हातमागाची. कोणत्या आळीत माग होते, सूत कुठून येई, माग का थांबले, हे विणकरांच्या घरांत माहीत असते आणि छापलेले क्वचितच असते. जाणत्या माणसाने ते लिहिले तरी नियमाप्रमाणे ते काढले जाते. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांतील विकिपीडियांसाठी ध्वनिमुद्रित तोंडी संदर्भांचा प्रयोग केला. त्याला सर्वमान्यता मिळाली नाही.

संदर्भ आहे म्हणून वाद संपतो असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा विकिपीडियावरील मजकूर हटवण्यासाठी पावले उचलायला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना सांगितले. अशा वेळी प्रश्न कोणत्या ग्रंथाला किती वजन द्यायचे हा असतो. त्याचा निकाल दप्तरे आणि ग्रंथ ताडूनच लागायला हवा. फौजदारी कारवाईने तो लागत नाही.

खाप्यासारख्या गावांसाठी नियम सैल करणे हा उपाय नव्हे; छापील साधने वाढवणे हा आहे. शाळेची स्मरणिका, विणकर संस्थेचा जुना अहवाल, नगरपरिषदेचे ठराव ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते सार्वजनिक ग्रंथालयात द्यावेत, आणि म्हाताऱ्या विणकरांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच छापून घ्याव्यात.