कालवांच्या थरातून उमगलेले विज्ञान

परिसंस्था, अन्नजाळे हे शब्द आपण वर्गात सहज वापरतो. त्यामागच्या विचाराची एक महत्त्वाची पायरी मात्र कालवांच्या धंद्यातल्या एका अडचणीतून घडली, हे फारसे ठाऊक नसते.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांना घट्ट चिकटलेली, खडबडीत शिंपांची कालवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. युरोपात अशा कालवांना पूर्वीपासून मोठी मागणी आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे ती ताजी असतानाच दूरच्या शहरांत पोचू लागली. मागणी वाढली, उपसा वाढला आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कालवांचे थर उजाड होऊ लागले. तिथे मग कालवांची शेती सुरू झाली. आपल्याकडेही ती जमेल का, असा प्रश्न प्रशियाच्या सरकारला पडला. १८६९ मध्ये हे काम कील विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांच्याकडे आले.

मोबियस यांचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले. उत्तर सरकारला फारसे रुचणारे नव्हते. एक मादी सुमारे दहा लाख अंडी देते, मग कालवे संपतील कशी, असे लोकांना वाटे. मोबियस यांनी हिशेब उलटा मांडला. इतकी अंडी घालूनही थरातली संख्या वाढत नाही, याचाच अर्थ जवळजवळ सगळी पिल्ले मरतात. पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगते. नंतर त्याला चिकटायला टणक, स्वच्छ जागा लागते. जुन्या कालवांच्या शिंपा त्यासाठी उत्तम. चिखलात पडले तर ते गुदमरते. म्हणजे शिंपांसकट कालवे उपसली, की पुढच्या पिढीचे घरच उचलले जाते!

शिवाय कालवांच्या थरात कालवे एकटी नसतात. खेकडे, तारामासे, स्पंज, कृमी असे कितीतरी जीव तिथे नांदतात. अन्न, जागा, तापमान, क्षारता यांनी त्या सर्वांची संख्या आवरलेली असते. एक घटक बदलला की सगळा मेळ बदलतो. कालवे फार काढली, तर त्यांची जागा दुसरे शिंपले घेतात. अशा सहजीवी मेळाला मोबियस यांनी ‘बायोसिनोसिस’, म्हणजे जीवसमुदाय, असे नाव दिले. ‘इकॉलॉजी’ हा शब्द हेकेल यांनी १८६६ मध्येच दिला होता; टॅन्सली यांचा ‘इकोसिस्टिम’ १९३५ मध्ये आला.

विज्ञानाला कल्पना मिळाली, पण कालवे वाचली नाहीत. उपसा चालूच राहिला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनीच्या त्या किनाऱ्यावरून मूळची जात नाहीशी झाली. १९८६ मध्ये तिथल्या सिल्ट बेटावर शेतीसाठी पॅसिफिक महासागरातली जात आणली गेली. ती शेतीबाहेर पडून मोकळ्या समुद्रात पसरली. मूळ जात परत रुजवण्याचे प्रयत्न आता चालू आहेत.

किनाऱ्यावर सहल गेली, तर विद्यार्थ्यांना कालवांचा एक पुंजका न काढता नुसता पाहायला सांगा. त्याच्या आधाराने राहणाऱ्या जीवांची यादी करू द्या. मोबियस यांचा धडा त्या यादीतून आपोआप समजेल.